आपल्याच घरी डोहाळजेवण

डोहाळजेवण माहेरने किंवा सासरने करावे, अशी रूढी आहे. परंतु जिचे आईवडील हयात नाहीत, किंवा जे दांपत्य परगावी एकटे राहते, त्यांनी काय करावे? पतिपत्नींनी स्वतः आमंत्रण दिले, तर तो आगाऊपणा मानू नये. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात प्रीती, सुप्रीती, धृती आणि मोद या क्रिया अनुक्रमे गर्भाच्या तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात सांगितल्या आहेत. जिनपूजापूर्वक त्या करणे हे गृहस्थाचेच कर्तव्य होय.

मात्र मर्यादा पाळावी. दोन्हीकडील वडीलधाऱ्यांना आधी विचारावे. पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ असे स्पष्ट लिहावे. ओटी भरण्यास विधवा आणि निपुत्रिक भगिनींनाही सन्मानाने बोलवावे. स्वयंपाक कंदमुळांविना असावा, पंगत सूर्यास्तापूर्वी उठावी. वाढण्याचा भार पतीने व आप्तांनी उचलावा. गर्भवतीने पाटावर बसावे. आशीर्वाद मागण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहेर मोजण्यात आहे.