डागणीला कायद्याचा धाक कोठे आहे?

घटसर्पाने गुराचा गळा सुजतो, श्वास घरघरू लागतो आणि पुष्कळदा दिवस उलटण्यापूर्वीच जनावर दगावते. प्रारंभीच प्रतिजैविक टोचले तर काही आशा असते. परंतु कित्येक गोठ्यांत तो मोलाचा वेळ डागणाऱ्याची वाट पाहण्यात जातो!

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ सालचा. त्याच्या ३० व्या कलमान्वये नोंदणीकृत पशुवैद्यावाचून कोणासही पशुचिकित्सेचा व्यवसाय करता येत नाही. पदविकाधारकास किरकोळ उपचारांची मुभा राज्य सरकार देऊ शकते, तीही पशुवैद्याच्या देखरेखीखालीच. मग हा लोखंड तापविणारा कोणत्या सदरात बसतो?

परंपरेचा आम्हांस तिटकारा नाही. कासदाहावर कोरफड, हळद व चुना यांचा लेप खुद्द राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सुचविते. पारखलेली अशी औषधे पशुवैद्याने अवश्य वापरावीत. डागणीची मात्र कोणती पारख झाली आहे? तिच्यावर स्पष्ट बंदी हवी, आणि ती अमलातही यावयास हवी.

पशुवैद्य वेळेवर येत नाही, असे डागणीचे कैवारी म्हणतात. खेड्यापाड्यांत ते खरेही आहे. मग दवाखान्यांतील रिकाम्या जागांसाठी ही मंडळी सरकारदारी का भांडत नाहीत?