ज्याच्या हाती हजार हॉर्सपॉवर

"काका, पाहिला का माझा स्कोर?" ड्रिफ्टच्या, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत चालवण्याच्या, स्पर्धेत पहिला आलेला पोरगा मला विचारत होता. पाहिला बाबा. स्कोर पाहिला. ड्रायव्हिंग तेवढं कुठं दिसलं नाही.

स्पर्धा आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्याच एका गेमिंग पार्लरमधली. नाव सांगत नाही, कारण दोष त्या पार्लरचा एकट्याचा नाही. नियम एका ओळीचा: गाडी कोणतीही घ्या, जास्त गुण तो जिंकला. या पठ्ठ्याने घेतली चारही चाकांना ताकद देणारी, हजारावर हॉर्सपॉवर कोंबलेली हायपरकार. वळणावर ती वळली की नाही कुणास ठाऊक. सरळ रस्त्यावर मात्र हा डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे शेपूट हलवत राहिला आणि आकडा पेट्रोल पंपाच्या मीटरसारखा पळत राहिला. त्याच्या शेजारी चिखलीकडचा एक पोरगा जुनी टोयोटा घेऊन बसला होता. त्याने वळणाच्या अलीकडेच गाडी आडवी टाकली, आतल्या कडेला नाक घासून नेलं, आणि तीच घसरण न सोडता पुढच्या उलट्या वळणात उतरवली. मागे उभी असलेली पोरं ओरडली, "वा रे पठ्ठे!" पडद्याने त्याला दिले निम्म्याच्या आसपास गुण. तो उठला आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, मले वाटलं चालवाची स्पर्धा हाय."

त्याच्या त्या वाक्यावर हा लेख आहे.

ड्रिफ्टचे गुण कसे पडतात ते आधी पाहू. प्रत्येक गेमचा हिशोब थोडा वेगळा असतो, पण गाभा एकच. गाडी किती अंशांनी आडवी झाली, त्या वेळी वेग किती होता, आणि घसरण किती वेळ टिकली. त्यावर गुणक चढत जातो. भिंतीला लागलात की गुणक गेला, काही ठिकाणी चालू साखळीतली सगळी कमाईच गेली. ऐकायला किती शास्त्रशुद्ध! पण यात वेग घातला की कौशल्याच्या जागी इंजिन मोजलं जातं. घसरण टिकवायची तर मागची चाकं रस्त्यापेक्षा जास्त फिरत राहावी लागतात आणि त्याला ताकद लागते. ताकद असेल तर ॲक्सिलरेटर दाबून धरा, बाकीचं इंजिन पाहून घेईल. ताकद नसेल तर वळणाआधी वजन पुढे टाका, हँडब्रेक ओढा, क्लचला झटका द्या आणि वेग मरायच्या आत बाहेर पडा. यातलं अवघड कोणतं? आणि जास्त गुण कशाला? ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण गेम बनवणाऱ्यांनी बहुतेक आज्ञावलीतच लिहून टाकली आहे.

चिखलीकडच्या त्या पोराने घेतलेली गाडी साधीसुधी नव्हती. टोयोटाची एई-८६. १९८३ साली आली, १.६ लिटरचं इंजिन, १३० हॉर्सपॉवरच्या आसपास. जपानच्या घाटरस्त्यांवर केइची त्सुचिया याने हिच्यावरच नाव कमावलं आणि 'ड्रिफ्ट किंग' ही पदवी मिळवली. १९९५ पासून शुइची शिगेनो यांच्या 'इनिशियल डी' या चित्रकथेने तिला घरोघरी नेलं. त्या कथेचा सगळा जीवच हा, की टोफू पोचवणारा पोरगा कमी ताकदीच्या गाडीने घाट उतरताना मोठमोठ्या गाड्यांना पाणी पाजतो. ड्रिफ्ट नावारूपाला आला तो असा, कमी ताकदीत आणि अरुंद रस्त्यावर. आमच्या राजूर घाटात एसटीचा ड्रायव्हर समोरून ट्रक येत असताना जे करतो, त्याच्याशी याचं नातं जवळचं आहे, हायपरकारच्या जाहिरातीशी नाही. आणि आजच्या गेममध्ये हीच एई-८६ गुणफलकाच्या तळाशी! (घाटाचं नाव घेतलं म्हणून कुणी राजूर घाटात प्रयोग करायला जाऊ नये. समृद्धी महामार्गही आमच्या जिल्ह्यातून जातो. तिथे वेगाला गुण मिळत नाहीत, चलान मिळतं.)

लगेच कुणीतरी म्हणेल, नाचता येईना अंगण वाकडं. गाडी निवडणं हेही कौशल्यच नाही का? म्हणे ज्याला कळतं तो चांगली गाडी घेतो, तुम्हाला कोणी अडवलंय?

बरं, मग खऱ्या खेळाकडे चला. अमेरिकेतल्या फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये चारही चाकांना ताकद देणारी गाडी चालत नाही, फक्त मागच्या चाकांना ताकद देणारीच लागते. कारण उघड आहे: पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करणार असतील तर तुमच्या हातांना काम काय उरलं? तिथे परीक्षक रेषा बघतात, कोन बघतात, शैली बघतात. वळणाच्या ठरलेल्या जागेला गाडी किती जवळून गेली ते बघतात. मग जोडीची लढत. एकदा तू पुढे मी मागे, एकदा मी पुढे तू मागे. पुढच्याने रेषा धरायची, मागच्याने त्याच्या दाराला चिकटून तोच कोन धरायचा. सरळ रस्त्यावर शेपूट हलवणाऱ्याला तिथे कोणी पुष्पगुच्छ देत नाही. जपानच्या डी-वन स्पर्धेने तर गाडीवर यंत्रं बसवून मोजणीही सुरू केली, पण तरी जोडीची लढत काही सोडली नाही. म्हणजे ज्यांनी हा खेळ जन्माला घातला त्यांना कळलं होतं की नुसत्या आकड्याने भागत नाही. गेमवाल्यांनी त्यातला आकडा तेवढा उचलला.

आणि गाडी निवडायचं स्वातंत्र्य म्हणताय, तर ते कुणाचं? 'फोर्झा होरायझन ४' हा गेम २०१८ मध्ये आला तेव्हा आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना फॉर्म्युला ड्रिफ्टच्या सात गाड्यांचा संच भेट होता. खास ड्रिफ्टसाठी तयार केलेल्या गाड्या, आणि त्या कुणाच्या हाती? जो आधी पैसे मोजेल त्याच्या. मार्च २०२२ मध्ये 'ग्रॅन टुरिस्मो ७' आला आणि काही दिवसांतच एका अपडेटने शर्यतींचं बक्षीस कमी केलं. खेळून कमवायचं तर रात्री जागवा, नाहीतर खऱ्या पैशाने क्रेडिट, म्हणजे गेममधलं चलन, विकत घ्या. जगभर एवढा गदारोळ झाला की गेमचे निर्माते काझुनोरी यामाउची यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली, आणि खेळाडूंना दहा लाख क्रेडिट फुकट वाटावे लागले. ज्या गेममध्ये गाडी हीच श्रीमंती, त्यात 'कोणतीही गाडी घ्या' हा नियम म्हणजे 'कितीही पैसे आणा' असंच झालं की नाही? इथे सोयाबीनचा भाव पडला की पोराच्या मोबाइलचा रिचार्ज लांबतो, आणि तुम्ही त्याला निवडीचं स्वातंत्र्य समजावताय!

यात अजून एक अन्याय आहे, ज्याबद्दल कोणी ब्र काढत नाही. कीबोर्डवर स्टिअरिंग म्हणजे एकतर पूर्ण, नाहीतर शून्य. बटण दाबलं की चाक टोकाला, सोडलं की मधे. ज्याच्या हातात कंट्रोलर तो काठी पाव भाग ढकलून कोन सांभाळतो. ज्याच्या पुढ्यात स्टिअरिंगचं चाक आणि पायात पेडल तो तर राजाच. आमच्याकडे पार्लरमध्ये चाक असलंच तर एक, तेही ज्याने ताशी जास्त पैसे भरले त्याला. तिघांची नावं मात्र एकाच यादीत.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, गेमच तर आहे, एवढं काय? नाही हो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला खेळाचा दर्जा दिला. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशाच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान्यता दिली. खेळ म्हणून मान पाहिजे, मग खेळासारखे नियमही आणा.

नियम कुठून आणायचे? लांब जायला नको. आमच्या वऱ्हाडात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरतो. तिथला म्हातारा धुरकरी शाळेत किती गेला ते विचारू नका, पण नामांकित जोडी आणि गावातली घरची जोडी एकाच गटात पळवायची नाही एवढं त्याला कळतं. गट वेगळे पडतात, घड्याळ सगळ्यांना सारखं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हा इथला शेतकरी कागदपत्रं, बैलांची डॉक्टरी तपासणी, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, सगळ्यात पडला. पट टिकवायचा तर नियम पाळावे लागतात हे त्याने मान्य केलं. कोट्यवधी डॉलरचा धंदा करणाऱ्या कंपन्यांना मात्र गुणफलकाचे चार गट पाडायला जड जातं.

बरं, जमत नाही असंही नाही. 'ग्रॅन टुरिस्मो'च्या परवाना परीक्षेत १९९७ पासून गाडी ठरलेली असते: सगळ्यांना एकच, आता दाखव काय येतं ते. फोर्झामध्ये शर्यतींसाठी गाड्यांचे वर्ग आहेतच, डी पासून वर पार एक्सपर्यंत. मग ड्रिफ्टचे गुण मोजणाऱ्या पट्ट्यातच कोणतीही गाडी का चालते? कारण तिथे तुम्ही तीन तारे मिळवून खूश व्हावं, दुकानात जावं, आणखी मोठी गाडी घ्यावी, आणखी खूश व्हावं. न्याय झाला तर खेळाडू आहे त्या गाडीवर महिनोन्‌महिने हात बसवत बसेल. त्यात कंपनीची विक्री कुठून व्हायची?

मी त्या पार्लरवाल्याला जाऊन सांगितलं: पुढच्या वेळी गाडी एकच ठेव. मागच्या चाकांची. सगळ्यांना कंट्रोलर, नाहीतर सगळ्यांना कीबोर्ड. सरळ रस्त्यावरची शेपूट-हलवणी दिसली की फेरी बाद, आणि ते बघायला गेमची गरज नाही, दोन माणसं मागे उभी कर. अंतिम फेरी जोडीची, पुढे-मागे आलटून पालटून. तो म्हणाला, "दादा, पोरं येतीन का? सगळ्याईले मोठी गाडी पाह्यजे." मी म्हटलं, चिखलीचा तो येईल. आणि त्याला बघायला निम्मी तरी पोरं येतील, मागच्या खेपेला टाळ्या कुणाला पडल्या होत्या आठव.

विचार करतो म्हणाला. गाडी एकच ठेवायला तो तयार आहे. आता भांडण कोणती ठेवायची यावर अडलंय. मी एई-८६ म्हणतोय, त्याला ती "लयच ढिली" वाटते. मागच्या खेपेचा विजेताही तिथेच होता. एई-८६ असेल तर नाव नोंदवणार नाही, असं त्याने आताच जाहीर केलंय.