विम्याचा कागद ट्रंकेतून बाहेर काढा

ज्या वाचकांनी कर्ज काढून घर घेतले, त्यांना या आठवड्यात आम्ही एक काम सांगत आहोत. कर्ज देताना बँकेने ‘विमा’ म्हणून जी रक्कम कापली, तो कागद एकदा वाचून घ्या. पुष्कळ ठिकाणी तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा निघतो. कर्ता माणूस गेला तर त्यातून कर्ज फिटते. पण घराला आग लागली, पुराचे पाणी शिरले, तर या विम्यातून छदामही मिळत नाही.

घराच्या विम्यासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक अटींची पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून आली. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड हे धोके तीत आहेत. मात्र विमा बांधकामाच्या खर्चाचा असतो, जागेच्या किमतीचा नाही. समजा, 400 फुटांचे घर 30 लाखांना घेतले आणि बांधकामाचा दर फुटाला 2,500 रुपये धरला, तर विमा 10 लाखांचाच होतो. सामानाचाही विमा घेतला असेल तर त्याला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, म्हणजे इथे 2 लाख. भाडेकरूंना नुसत्या सामानाचा विमाही घेता येतो.

सोन्याचे दागिने वेगळे नोंदवून जादा हप्ता भरला तरच धरले जातात. रोख पैसे आणि कागदपत्रे धरली जात नाहीत. जातीचा दाखला, मुलांची गुणपत्रके भिजली तर त्यांची भरपाई कोण देणार? त्यांच्या झेरॉक्स दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा, हे आमचे आग्रहाचे सांगणे.

चोरीचे कलम तर फार थोडे लोक वाचतात. आग, पूर अशी घटना घडली आणि तिच्यामुळे 7 दिवसांच्या आत चोरी झाली, तेवढीच यात बसते. आपण लग्नाला गावी गेलो आणि मागे कुलूप फोडले, तर त्याला घरफोडीचा वेगळा विमा लागतो.

जुन्या घरांत खरा तंटा ‘झीज’ या शब्दावर होतो. वर्षानुवर्षे पाझरून स्लॅबचा तुकडा पडला तर ती झीज ठरते आणि भरपाई नाकारली जाते. म्हणून गळती पावसाळ्यापूर्वीच काढावी.

नकार आलाच तर तो लेखी मागा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई व पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.