सर्कस निघाली पागेतून

गोठ्यासाठी बल्ल्या घ्यायला आपण लकडगंजात जातो. बल्ल्या कुणालाही मिळतात, पण गोठा उभा राहतो तो सुताराच्या कसबावर. सर्कशीचंही तसंच आहे.

१७६८ मध्ये लंडनला फिलिप ॲस्टली या घोडदळातल्या माजी शिपायाने गोल रिंगणात घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. पुढच्या शतकात आगगाडी आली आणि तंबू, जनावरं, माणसं दूरवर हिंडू लागली. नागपूरला रेल्वे पोचली १८६७ मध्ये. १८७९ मध्ये इटलीच्या कियारिनीची सर्कस मुंबईत आली. कुरुंदवाड संस्थानच्या पागेचे प्रमुख विष्णुपंत छत्रे ती पाहून जिद्दीला पेटले. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, त्यांनी ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. विद्या घोड्यांच्या पागेतलीच होती. तिला तंबू आणि तिकीट मिळालं, एवढंच.

डोंबाऱ्याकडे दोरीवरची कसरत पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याला मात्र ना तंबू मिळाला, ना तिकीट. १९९८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वलांचे खेळ बंद झाले. सर्कशीचा भार आता माणसाच्या कसबावरच आहे.

म्हणून सरपंच, ग्रामसेवकांना सांगणं आहे. डोंबाऱ्याचं बिऱ्हाड गावात उतरलं तर हाकलू नका. मोकळी जागा द्या, पाणी द्या, मुक्काम असेल तितके दिवस त्यांची पोरं शाळेत बसवा. आपल्या पोराने दोरीवर चढू नये असं आपल्याला वाटतं ना? मग त्यांच्या पोरांनाही पाटी मिळू द्या.