पाण्याचा रिपोर्ट आणि तीस दिवस

"डॉक्टर, आमच्या नळाचं पाणी प्यायचं की नाही?" गोसीखुर्द जलाशयाकाठच्या रुग्णांचा हा प्रश्न रास्त आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत आणि पुढे या जलाशयात येते. पण स्टेथोस्कोप लावून पाणी तपासता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, आणि तो सरकारी फायलीत असतो.

माहिती अधिकार कायद्याखाली (२००५) तो मागता येतो. शुल्क १० रुपये. कारण सांगावे लागत नाही. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांचेच काम. "हे आमच्याकडे येत नाही" एवढे ऐकून परत फिरू नका.

उत्तराची मुदत ३० दिवस. इथेच माझा आक्षेप आहे. दूषित पाणी पोटात गेल्यावर टायफॉइड बहुधा एक ते तीन आठवड्यांत उठतो. म्हणजे उत्तर मुदतीत आले तरी ताप त्याच्या आधी येतो! व्यक्तीच्या जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी, असे हाच कायदा म्हणतो. मग पिण्याचे पाणी जीविताशी संबंधित नाही तर कशाशी? खरे तर अर्जाचीच वेळ येऊ नये. कलम ४ प्रमाणे कार्यालयांनी आपणहून माहिती जाहीर करायची असते. ग्रामपंचायतीच्या फलकावर तपासणीचा निकाल लावायला कितीसा खर्च येतो?

अर्जात नमुना कुठून व कधी घेतला आणि जंतुतपासणीचा निकाल काय, एवढेच विचारा. उत्तर येईपर्यंत पाणी खळखळून उकळूनच प्या.