परसातले पाणी, गावाचा प्रश्न

कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड हे शहर उष्ण आणि कोरड्या हवेचे. तेथील मध्यमवर्गीय घराच्या परसात पोहण्याचा लहानसा तलाव असणे ही फार मोठी चैन मानली जात नाही. २००७ साली या शहराची आकाशातून जी छायाचित्रे घेण्यात आली, त्यांत घरांच्या छपरांमागे नेहमीच्या निळ्या ठिपक्यांच्या जोडीला हिरवे आणि काळपट ठिपकेही मोठ्या संख्येने दिसले. तेही तलावच होते. परंतु त्यांत पोहणारे कोणी उरले नव्हते. कर्जाचे हप्ते थकल्यामुळे घरे ओस पडली होती, वीज तोडली गेली होती, पंप बंद होते आणि पाण्यावर शेवाळाने आपला अंमल बसविला होता. अमेरिकेतील गृहकर्जांचा डोलारा कोसळू लागल्याचे ते एक प्रारंभीचे चिन्ह होते. अर्थतज्ज्ञांनी ते आकडेवारीत वाचले. डासांनी त्याआधीच त्याचा लाभ घेतला होता.

साचलेले पाणी हे डासांचे माहेरघर. वेस्ट नाइल या नावाने ओळखला जाणारा विषाणू १९३७ मध्ये युगांडात प्रथम सापडला आणि १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अवतरला. पक्ष्यांच्या रक्तातून तो मुख्यतः क्युलेक्स जातीच्या डासांमार्फत माणसापर्यंत येतो. बहुतेकांना त्याची लक्षणे जाणवतही नाहीत. परंतु काहींच्या बाबतीत तो मेंदूपर्यंत पोहोचतो आणि प्राणावर बेततो. विल्यम रायझन आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दोन आकडे शेजारी शेजारी मांडले आहेत. बेकर्सफील्डमध्ये हप्ते थकल्याच्या नोटिसा ३०० टक्क्यांनी वाढल्या आणि २००७ च्या उन्हाळ्यात वेस्ट नाइलच्या रुग्णांची संख्या २७६ टक्क्यांनी वाढली. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणून त्यांनी बेवारस तलावांकडे बोट दाखविले. रोगाच्या साथीला एकच कारण क्वचितच असते, हे मान्य केले तरी या दुव्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. त्याच ऑगस्टमध्ये राज्यपाल अर्नोल्ड श्वार्झनेगर यांना या रोगापायी बेकर्सफील्ड ज्या कर्न काउंटीत आहे तिच्यासह तीन काउंट्यांत आणीबाणी जाहीर करावी लागली. एका माणसाच्या परसातले पाणी साऱ्या गावाचा प्रश्न बनले, तो असा.

हे पाणी इतक्या लवकर का बिघडते, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण ते समजल्यावाचून उपायांची चर्चा व्यर्थ आहे. परसातल्या तलावात साधारणतः साठ-सत्तर हजार लिटर पाणी मावते. नदीप्रमाणे त्याला प्रवाह नाही आणि जुन्या तळ्याप्रमाणे त्याचा तोल सांभाळणारी जीवसृष्टीही त्यात नाही. त्याचा निळेपणा सर्वस्वी मानवनिर्मित असतो. पंपाने पाणी फिरते ठेवावे लागते, गाळणीतून ते पुनःपुन्हा काढावे लागते आणि त्यात क्लोरिनची ठरावीक मात्रा राखावी लागते. सूर्यप्रकाश क्लोरिनचा नाश करतो. वाऱ्याबरोबर आलेली धूळ, पाने आणि माणसाचा घाम त्याला खर्ची घालतात. पंप बंद पडला की हा सारा बंदोबस्त कोसळतो. शेवाळाचे बीज हवेतून आणि धुळीतून सदैव येतच असते. ऊन, उष्णता आणि पोषक द्रव्ये मिळताच ते काही दिवसांत सारे पाणी हिरवे करून टाकते. म्हणजे शेवाळ कोणी आणून टाकीत नाही; ते येऊ न देण्याचे काम कोणीतरी थांबविलेले असते.

असा तलाव पुन्हा निवळण्याची रीतही ठरलेली आहे, आणि तिच्यात क्रमाला महत्त्व आहे. प्रथम पाने व कचरा जाळीने काढावा लागतो, कारण सेंद्रिय कचरा जितका अधिक तितका क्लोरिन वाया जातो. त्यानंतर पाण्याचा सामू तपासून तो ७.२ ते ७.८ या मर्यादेत आणावा लागतो. या पायरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. क्लोरिन पाण्यात गेल्यावर जे हायपोक्लोरस आम्ल तयार होते, तेच खरे जंतुनाशक. सामू ७.५ च्या आसपास असता क्लोरिनचा सुमारे निम्मा भाग या प्रभावी रूपात असतो. सामू ८ वर गेला की तो चतुर्थांशाच्या आसपास उतरतो. अशा वेळी तेवढेच काम होण्यास जवळजवळ दुप्पट औषध ओतावे लागते. त्यानंतर भिंती आणि तळ ब्रशने घासावे लागतात, म्हणजे चिकटून बसलेले शेवाळ पाण्यात मोकळे होते. मग सूर्यास्तानंतर क्लोरिनची मोठी मात्रा द्यायची आणि पंप व गाळणी अखंड चालू ठेवायची. पाणी हिरव्याचे पांढुरके झाले की काम संपले असे वाटते. वस्तुतः तेव्हा ते निम्मेच झालेले असते. मेलेल्या शेवाळाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात. ते गाळणीत अडकावेत यासाठी दिवसच्या दिवस वाट पाहावी लागते आणि मधून मधून उलट्या दिशेने पाणी सोडून गाळणीही धुवावी लागते. तुरटीने ते कण तळाशी बसविता येतात. मात्र बसलेला गाळ उपसून काढला नाही, तर पहिल्याच हेलकाव्याला तो पुन्हा वर येतो.

या क्रमातील कष्टाचा भाग टाळून औषधाचा भाग तेवढा उचलण्याचा मोह सामान्य गृहस्थालाच होतो असे नाही. २०१६ साली रिओ द जानेरो येथील ऑलिंपिक स्पर्धांत साऱ्या जगाने याचे प्रात्यक्षिक पाहिले. ९ ऑगस्ट रोजी सूर मारण्याच्या स्पर्धांचा तलाव दिवसभरात निळ्याचा हिरवा झाला. पाठोपाठ शेजारच्या वॉटर पोलोच्या तलावाचाही रंग पालटला. उष्णता, वाऱ्याचा अभाव, पाण्याच्या अल्कतेतील घट अशी कारणे आधी पुढे करण्यात आली. अखेर संयोजकांनी मान्य केले, की ५ ऑगस्ट रोजी, म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी, तलावांत सुमारे ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतण्यात आले होते. हे द्रव्य स्वतः जंतुनाशक आहे, हे खरे. पण क्लोरिनशी गाठ पडताच ते त्याला निष्प्रभ करते. दोन औषधांनी एकमेकांना मारले आणि रोग मोकळा राहिला. तालबद्ध जलतरणाच्या स्पर्धकांना पाण्याखाली एकमेकींना पाहावे लागते; तेव्हा त्यांच्या स्पर्धेपूर्वी मोठ्या तलावातील पाणी काढून टाकून सरावाच्या तलावातील सुमारे ३७ लाख लिटर पाणी तेथे भरण्यात आले. जेथे पैसा, यंत्रे व तज्ज्ञ यांपैकी कशाचीच वाण नव्हती, तेथे ही स्थिती झाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला ही म्हण आपल्याकडची. तिचा प्रत्यय मात्र सर्व देशांत येतो.

येथे आणखी एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्धोक झाले असे नव्हे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा अतिसाराचा परजीवी नेहमीच्या मात्रेच्या क्लोरिनमध्येही कित्येक दिवस तग धरतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. उलट तलावावर येणारा जो उग्र वास स्वच्छतेचा पुरावा मानला जातो, तो बहुधा क्लोरामाइन या संयुगांचा, म्हणजे घाम व मूत्र यांच्याशी झुंजून खर्ची पडलेल्या क्लोरिनचा असतो. डोळे आणि नाक यांच्या साक्षीवर विसंबणे अशा रीतीने दोन्हीकडून फसवे ठरते. साक्ष घ्यायची ती मोजमापाची.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. बेकर्सफील्डमधील ते हिरवे तलाव निवळायचे कोणी? ज्याचे घर गेले, त्याच्याकडे हप्त्याला पैसे नव्हते. तो क्लोरिन आणि वीज कोठून आणणार? कर्ज देणाऱ्या संस्थेला घराचा ताबा मिळण्यास महिने लागत, आणि मिळाल्यावरही तिच्या दृष्टीने ते घर म्हणजे खातेवहीतील एक नोंद. शेजाऱ्याला कुंपण ओलांडण्याचा अधिकार नाही. या तिघांच्या मध्ये पाणी तसेच राहिले. अखेर डासनियंत्रण यंत्रणेलाच परसांत उतरावे लागले. ज्या तलावाला वीज नाही तो निवळता येत नाही, हे ओळखून तिने त्यांत डासांच्या अळ्या खाणारे गॅम्बुसिया मासे सोडण्याचा मार्गही अवलंबिला. पाणी हिरवेच राहिले. पण त्यातून डास उठणे कमी झाले. हा उपाय दिसायला सुंदर नव्हता, परंतु प्रसंगाला योग्य होता. मात्र याच माशांना नैसर्गिक ओढ्यांत शिरकाव मिळाल्यास ते तेथील मूळच्या जीवांवर उठतात. म्हणून बंदिस्त पाण्याचा उपाय बंदिस्त पाण्यापुरताच ठेवावा लागतो.

या हस्तक्षेपाला खाजगी मालकीच्या नावाने विरोध करता येईल, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. सरकारी माणसाने कोणाच्याही परसात केव्हाही शिरावे, अशी मुभा कोणताही सुज्ञ नागरिक देणार नाही. परंतु मालकीचा अर्थ उपभोगाचा अधिकार एवढाच नसून निगराणीचे कर्तव्य असाही आहे. मालकाच्या पाण्यातून उठलेला डास कुंपण मानीत नाही. तेव्हा त्या पाण्याची जबाबदारीही कुंपणापाशी संपत नाही. प्रश्न उरतो तो ही जबाबदारी कोणावर टाकायची याचा. जो घर सोडून गेला त्याच्यावर दंड बसविणे सोपे असते. पण ते निष्फळ आणि अन्याय्य आहे. ज्याच्या हाती घराची किल्ली व विक्रीचा अधिकार आहे, त्याच्याच गळ्यात त्या घरातील पाणीही पडले पाहिजे. लाभ संस्थेचा आणि डास शेजाऱ्याचे, ही वाटणी कोणत्याही न्यायात बसत नाही. आणि त्या संस्थेने हालचाल करेपर्यंत सार्वजनिक यंत्रणेने रीतसर नोटीस देऊन काम आधी करावे व खर्च मागाहून वसूल करावा. डासांची पिढी उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत तयार होते; पत्रव्यवहाराची गती त्याहून मंद असते.

महाराष्ट्राशी या साऱ्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. परसातले तलाव येथे मोजकेच. पण साचलेले पाणी आणि क्लोरिन या दोन्ही गोष्टी आपल्या नित्याच्या आहेत. डासांची पैदास आढळल्यास जागेच्या मालकाला नोटीस देण्याचा अधिकार मुंबई महापालिकेला १८८८ च्या अधिनियमाखाली आहे. अर्धवट सोडलेल्या इमारतींची तळघरे आणि गच्चीवरील उघड्या टाक्या यांच्या बाबतीत त्याची गरज दर पावसाळ्यात पटते. गप्पी मासे आपल्या विहिरींनाही परिचित आहेत. खेडोपाडी ग्रामपंचायती पिण्याच्या पाण्यात जी टी.सी.एल. पावडर टाकतात, ती क्लोरिनचीच. ही पावडर दमट जागी उघडी पडली की तिचा जोर ओसरतो. तेव्हा ती टाकली, अशी नोंद वहीत होणे आणि नळाच्या शेवटच्या तोटीपर्यंत क्लोरिन पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांतील अंतर ओ. टी. चाचणीच्या पिवळ्या रंगाने दोन मिनिटांत कळते. पोते आणण्याला खर्च पडतो, म्हणून त्याचा हिशेब होतो. चाचणी जवळजवळ फुकट असते, म्हणूनच की काय ती राहून जाते.

पाण्याची निगा हे कंटाळवाणे काम आहे. त्याचे उद्घाटन होत नाही, त्याची छायाचित्रे छापून येत नाहीत आणि ते नीट झाले तर काहीच घडत नाही. साथ आल्यावर ओतलेल्या औषधाच्या पिंपांना मात्र बातमीत स्थान मिळते. त्यामुळे सार्वजनिक पैसा निगेकडून पिंपांकडे वाहत राहतो, आणि गाळणी धुणारा व रोज चाचणी घेणारा कामगार हा काटकसरीचा पहिला बळी ठरतो. ही काटकसर शेवटी महागच पडते, असे बेकर्सफील्ड आणि रिओ या दोन्ही ठिकाणचा अनुभव सांगतो. नगरपालिका, गृहसंस्था आणि ग्रामपंचायती यांनी आपल्या अंदाजपत्रकात औषधाच्या रकमेशेजारी त्या कामगाराचा पगार आणि चाचणीची वही या दोन बाबी आहेत की नाहीत, हे एकदा पाहावे. त्या नसतील, तर पाणी आज निळे दिसत असले तरी त्याचे हिरवे होणे हा काही दिवसांचाच प्रश्न आहे.