मोजणाऱ्यांत आम्ही कुठे आहोत?

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांमधून दोनच शब्द ऐकू येतात, नीट आणि एमपीएससी. नीटमध्ये गुण कमी पडले की मुलगा खचतो आणि पदवीनंतर अभ्यासिकेत सहा-सात वर्षे गेली की सारे घर खचते. या दोन दारांपलीकडे तिसरे एक दार आहे, याची वार्ता आमच्या मुलांपर्यंत अजून नीट पोहोचलेली नाही. ते म्हणजे सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी, एमपीएच. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्यासाठी डॉक्टरच असावे लागते हा समज चुकीचा आहे. काही संस्था वैद्यकीय पदवी मागतात हे खरे, परंतु अनेक ठिकाणी कला, विज्ञान, समाजकार्य अशा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळतो.

वकिली करणाऱ्यांनी आरोग्याच्या शिक्षणावर का बोलावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. न्यायालय टाहो ऐकत नाही, पुरावा मागते. आमच्या वस्तीतली माणसे लवकर मरतात हे आम्हा सर्वांना ठाऊक असते. पण किती मरतात, कोणत्या वयात मरतात, पलीकडच्या कॉलनीपेक्षा किती जास्त मरतात, हे कागदावर नसेल तर आमचे दुःख म्हणजे नुसती तक्रार ठरते. तो कागद तयार करण्याचे शास्त्र म्हणजे सार्वजनिक आरोग्य.

मराठवाड्यातलेच उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली जात असल्याची ओरड पत्रकार आणि महिला संघटनांनी केली, तेव्हा जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत आकडा दिला. तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया. आकडा मोठा वाटतो, पण एकटा आकडा मुका असतो. किती बायकांपैकी ४,६०५? त्यातल्या ऊसतोडणीला जाणाऱ्या किती? हे समजल्याशिवाय व्यवस्थेला पळवाट राहते. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. म्हणजे दर सहा बायकांमागे एक! आता तो आकडा बोलू लागला.

पण खरा प्रश्न त्यापुढे सुरू होतो. हे का घडले? डॉक्टरने पिशवी काढली, एवढे सांगून भागत नाही. कोयत्याला म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाकडून उचल मिळते. एक दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही. डोक्यावर मोळी आणि अंगावर दुखणे. अशा बाईला कॅन्सरची भीती घातली की ती कर्ज काढून ऑपरेशन करून घेते. मुकादमाची वही, संडासाचा अभाव आणि खासगी दवाखान्याचे बिल यांचा एकमेकांशी संबंध जोडून दाखवणे, हेच या पदवीत शिकवतात. डॉक्टर एका रोग्याची नाडी पाहतो, हे शास्त्र अख्ख्या वस्तीची नाडी पाहते.

मग प्रश्न असा, की ही नाडी पाहणाऱ्यांत आमची माणसे किती? गटार साफ करणारे आमचे, फडावर राबणारे आमचे, कचरा वेचणाऱ्या बाया आमच्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोविरुद्ध गावकरी उभे राहिले आणि औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, कचऱ्याने तुंबले. चर्चा झाली ती शहराच्या दुर्गंधीची. त्या कचऱ्यात रोज हात घालणाऱ्यांच्या फुप्फुसांची चर्चा किती झाली? पाहणीचा विषय म्हणून आम्ही सर्वत्र आहोत, पण पाहणीचे प्रश्न ठरवणाऱ्यांच्या खुर्चीत आम्ही क्वचितच दिसतो. आणि प्रश्न ज्याचा, उत्तरही त्याच्याच सोयीचे येते.

हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले. काळे लोक लवकर मरतात कारण त्यांचा वंशच दुबळा आहे, असे गोरे आकडेतज्ज्ञ छातीठोकपणे सांगत होते. विल्यम ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने फिलाडेल्फियात घरोघरी जाऊन पाहणी केली. १९०६ मध्ये त्यांच्या संपादनाखाली अटलांटा विद्यापीठाने काळ्यांच्या आरोग्यावर स्वतंत्र अहवाल काढला आणि दोष रक्ताचा नसून दारिद्र्याचा व राहणीमानाचा आहे, हे आकड्यांनीच मांडले. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते, हे चळवळीच्या वाचकांना सांगायला नको.

आपल्याकडे काय स्थिती आहे? देशपातळीवरील एका पाहणीच्या माहितीवरून संशोधकांनी हिशेब मांडला. मृत्यूसमयीचे सरासरी वय उच्चवर्णीय स्त्रीचे ५४.१ वर्षे, तर दलित स्त्रीचे ३९.५ वर्षे. साडेचौदा वर्षांचा फरक! २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने तो जगापुढे ठेवला. त्या पाहणीत जातीचा रकाना होता म्हणून हे कळले. जिथे रकानाच नसतो, तिथे आमचे मरण शासनाच्या हिशेबी जातीविना मरण ठरते. तो रकाना हवा, हे सांगायला मांडवाबाहेर घोषणा देणारे पुरेसे नाहीत. आत टेबलावर बसणारा माणूस लागतो.

शिक्षणाची सोय आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हा अभ्यासक्रम आहे, पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातही आहे. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी ज्या माऊलीने प्राण ठेवला, तिच्या नावाच्या विद्यापीठात ही पदवी मिळते, याहून समर्पक काय असू शकते? परंतु दार उघडे असणे आणि आत जाता येणे यांत अंतर आहे. शुल्क आणि महानगरातला राहण्याचा खर्च गरिबाच्या मुलाला पेलत नाही. शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांची शुल्कसवलत काढल्याच्या निषेधार्थ २०१८ मध्ये टाटा संस्थेच्या मुंबई आणि तुळजापूरसह चारही संकुलांतील विद्यार्थ्यांना संप करावा लागला, हे विसरता येणार नाही. परदेशी जाणाऱ्यांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यासाचे विषयच वगळण्यात आले. जात आणि आरोग्य यांचा संबंध शोधू पाहणाऱ्याने मग जायचे कुठे?

नोकरीचे चित्रही गुलाबी नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील पदे कंत्राटी, ११ महिन्यांच्या आदेशाची. सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग उभारावा असे २०१७ चे राष्ट्रीय आरोग्य धोरण सांगते. सार्वजनिक आरोग्य हा घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्य सूचीतला विषय आहे आणि अनुच्छेद ४७ नुसार जनतेचे आरोग्य सुधारणे हे शासनाचे कर्तव्य आहे. तेव्हा मागणी नेमकी असली पाहिजे. हा संवर्ग कायम पदांचा आणि आरक्षणासह हवा. मराठवाड्याच्या मुलांना घाटी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ यांच्या सहकार्याने सरकारी शुल्कात हे शिक्षण याच शहरात मिळाले पाहिजे.

शासनाकडे मागताना आपल्याकडेही पाहिले पाहिजे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये या शहरात महाविद्यालय काढले, तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठही नव्हते. आज जयंतीला एकेका चौकात डीजेवर एका रात्रीत जो पैसा उडतो, त्यातून एका मुलीचे वसतिगृहाचे वर्ष निघेल. प्रत्येक जयंती मंडळाने एक विद्यार्थी दत्तक घ्यावा. विहारांतील अभ्यासिकांमध्ये एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी या प्रवेश परीक्षांची माहिती लावावी. ऊसतोड कामगाराची मुलगी ही पदवी घेऊन जिल्हा आरोग्य कार्यालयात बसेल, तेव्हा फडावरची बाई कशाने आजारी पडते हे तिला कोणी समजावून सांगावे लागणार नाही. पाहणीच्या पहिल्या पानावरचा पहिला प्रश्न ती स्वतः लिहील.